खाडीतला गाळ कुणाचा?

प्रश्न : खाडीतल्या काळ्या गाळातला कुजका भाग जमिनीवरून वाहून आलाय की समुद्रातच तयार झालाय, हे कसं ओळखतात?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नुसतं बघून ओळखणं कठीण, वासावरून तर नाहीच! खूण पटते ती कार्बनवरून. कार्बन-12 हलका, कार्बन-13 किंचित जड. या दोघांचं गुणोत्तर एका ठरलेल्या प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिलं, की आंबा, भात, कांदळ यांचा आकडा दर हजारी उणे 27 च्या आसपास येतो (म्हणजे कार्बन-13 नमुन्यापेक्षा हजारी 27 नी कमी), उष्ण समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, साधारण उणे 20.

मोजण्याआधी आम्ही गाळ वाळवतो, खलात कुटतो आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतो. शिंपल्यांचा चुरा असला की तो फसफसतो. फेस पुरता थांबेपर्यंत घाई करायची नाही, कारण शिंपल्यातल्या कार्बनचा आकडा शून्याच्या जवळचा. तो उरला तर सगळा हिशेब चुकतो. मग चिमूटभर भुकटी कथलाच्या इवल्याशा डबीत दुमडायची आणि भट्टीत जाळायची.

खरा घोळ घालतो ऊस. त्याचा आकडा उणे 12 च्या आसपास, ज्वारीचाही तसाच. नदीच्या खोऱ्यात उसाचे मळे असतील, तर झाडांचा पाला (उणे 27) आणि उसाचं पाचट (उणे 12) मिसळून आकडा उणे 20 च्या जवळ येतो, थेट समुद्री वाटतो! म्हणून कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तरही बघायचं : प्लवकांत ते 6-7, झाडपाल्यात बहुधा 20 च्या वर.

नायट्रोजनही समुद्राची खूण देऊ शकतो, पण त्याची गंमत निराळी. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू जवळपास नसतोच. तिथले जिवाणू नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नायट्रोजनचं संयुग) वापरताना हलका नायट्रोजन-14 आधी उचलतात. उरलेलं, जड नायट्रोजन-15 जास्त असलेलं नायट्रेट वर येऊन प्लवकांत आणि शेवटी तळाच्या गाळात उतरतं.