बाबांनी सांगितलं होतं, पण दादा ऐकत नाही

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून बारा दिवस बेशुद्ध, व्हेंटिलेटरवर. डॉक्टर ट्रेकिऑस्टॉमीसाठी (गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवण्यासाठी) सही मागताहेत. पूर्वी एका मित्राला आयसीयूत पाहून आल्यावर बाबा म्हणाले होते, ‘मला असं नळ्या लावून ठेवू नका.’ दादा म्हणतो, ‘सगळं करा.’ मी नको म्हटलं, तर बाबांना मीच मारलं असं होईल का?

ताई, नाही. बाबांच्या जिवावर उठलाय तो रक्तस्राव, तुमची सही नव्हे. उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेले थांबवणं यांत वैद्यकीय नीतिशास्त्र सहसा फरक करत नाही. मनाला दुसरं जास्त जड जातं, एवढंच. (कायदा मात्र देशागणिक वेगळा, तो डॉक्टरांना विचारा.)

पण त्या एका वाक्यावर सगळा भार टाकू नका. आपलं माणूस आपल्याला पुरतं ठाऊक आहे, असं प्रत्येक घराला वाटतं. २००६ साली हेच तपासणाऱ्या १६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. कल्पित प्रसंगांत रुग्णाला काय हवं असेल, याचा नातलगांचा अंदाज ६८ टक्केच बरोबर निघाला. तेव्हा ‘काय करायचं’ यावर भांडण्याआधी दादाला विचारा : परावलंबी होण्याबद्दल बाबा तुझ्याशी कधी काय बोलले? त्याला आठवणारे बाबा थोडे निराळे असतील. आणि ‘सगळं करा’ हे बरेचदा घाबरलेल्या माणसाचं बोलणं असतं. मीही म्हटलंय ते.

डॉक्टरांना ‘चान्स किती?’ विचारू नका. आकडा ऐकून दोघं आपापल्या सोयीचा अर्थ काढाल. विचारा, सगळं नीट झालं तर सहा महिन्यांनी बाबा आम्हाला ओळखतील का? आपल्या हातानं घास घेतील का? गळ्यातली नळी तोंडातल्या नळीपेक्षा सोसायला सोपी असते, पण तिनं मेंदू सुधारत नाही. डॉक्टरांनाच अंदाज येत नसेल, तर मुदत ठरवा : अमुक दिवस पूर्ण उपचार, अमुक सुधारणा दिसली नाही तर पुन्हा बसायचं. तारीख वहीत लिहा, नाहीतर ती पुढे सरकत राहते.

नळी नको असं ठरलं, तरी धाप आणि वेदनेवरची औषधं थांबत नाहीत. ती कोण, कशी देणार, हे आधीच विचारून घ्या. आणि डॉक्टरांशी हे बोलायला जाताना दादाला सोबत न्या. नंतर फोनवर निरोप देऊ नका.