नाकतोडा, खेकडा आणि उंट: बाल्टिमोर-ओहायो रेल्वेची जुनी प्रवासी इंजिनं

तुमचा प्रश्न वाचला. मुलाला घेऊन बाल्टिमोरचं बी अँड ओ (म्हणजे बाल्टिमोर-ओहायो) रेल्वे म्युझियम पाहिलंत. गोल शेडमध्ये ओळीने उभी असलेली इंजिनं बघितलीत. पाट्यांवर कुठे ग्रासहॉपर, कुठे कॅमल, कुठे टेन-व्हीलर. आणि गाडीत बसल्यावर पोराने विचारलं, ‘यातलं माणसांची गाडी ओढणारं कुठलं?’ तुम्हाला सांगता आलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. मी उभी नोकरी रेल्वेच्या शेडमध्ये केली, तरी पहिल्या भेटीत माझी तीच गत झाली होती. मुलगी तिकडे एलिकॉट सिटीला असते, म्हणून चार-पाच खेपा झाल्या आणि थोडंफार डोक्यात बसलं.

आधी ‘क्लास’ या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे वाफेच्या इंजिनाला डब्ल्यूपी म्हटलं की डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर; डब्ल्यूजी म्हणजे मालगाडीचं. क्लास आधी कागदावर ठरायचा, इंजिन मागून यायचं. १८३०च्या दशकात अमेरिकेत उलटं होतं. इंजिन आधी रुळावर यायचं, आणि ते कसं दिसतं-चालतं त्यावरून त्याला टोपणनाव पडायचं. ४-४-० (पुढे चार चाकं, मग ओढणारी चार, मागे काही नाही) अशी चाकं मोजायची पद्धतसुद्धा व्हाइट नावाच्या इंजिनिअरने १९००च्या सुमाराला आणली. त्यामुळे ‘नाकतोडा’ हे टोपणनावही आहे आणि क्लासही तोच.

ही इंजिनं अशी विचित्र का दिसतात, त्याचं कारण रुळांच्या वाटेत आहे. बी अँड ओ कंपनीला सनद मिळाली १८२७ मध्ये. ४ जुलै १८२८ला पहिला दगड बसवला चार्ल्स कॅरोल यांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तोवर हयात असलेले ते एकटेच, वय ९०. मे १८३०मध्ये एलिकॉट्स मिल्सपर्यंतचे १३ मैल सुरू झाले, तेही घोड्यांवर. रूळ नदीकाठाने वळत जायचे आणि वळणं होती ४०० फूट त्रिज्येपर्यंतची. सरळसोट मार्गासाठी बांधलेली इंग्लंडची लांब, ताठ चौकटीची इंजिनं इथे चालतील का, याची जाणकारांनाही शंका होती. तेव्हा पुढचं सगळं वाचताना दोनच गोष्टी धरून ठेवा: इंजिन वळणावर कसं वळतं आणि चढावर कसं चढतं.

टॉम थंब आणि घोड्याची शर्यत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. पीटर कूपरने १८३०मध्ये जेमतेम टनभराचं इंजिन बनवलं. उभा बॉयलर आणि त्यातल्या नळ्या म्हणजे बंदुकीच्या नळ्या! भट्टीला वारा घालायला पंखा होता, तो पट्ट्यावर फिरायचा. शर्यतीत इंजिन पुढे असताना तो पट्टा पुलीवरून निसटला, वाफ पडली आणि घोडा जिंकला. पण टॉम थंब हा क्लास नव्हे, ते प्रात्यक्षिक होतं. तुम्ही पाहिलंत तेही मूळ नव्हे. कंपनीच्या शताब्दीसाठी १९२७मध्ये केलेली प्रतिकृती आहे ती.

खरी सुरुवात पुढच्या वर्षी झाली. कंपनीने जाहिरात दिली: वजन साडेतीन टनांच्या आत, सपाटीवर १५ टन ओझं ताशी १५ मैलांनी ओढलं पाहिजे, पहिलं बक्षीस ४,००० डॉलर. ते पटकावलं पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या फिनिअस डेव्हिसने. हा माणूस धंद्याने घड्याळजी! त्याच्या ‘यॉर्क’ इंजिनानंतर १८३२मध्ये ‘अटलांटिक’ आलं आणि तिथून नाकतोड्यांची पैदास सुरू झाली. सगळे मिळून वीसच्या आसपास झाले.

नाकतोड्यासमोर पाच मिनिटं थांबा, हे इंजिन डोळ्यांनी समजतं. बॉयलर उभा, न्हाणीघरातल्या बंबासारखा म्हणा ना. सिलिंडरही उभे. दट्ट्या वर जातो आणि बॉयलरच्या डोक्यावर आडवी असलेली तुळई तराजूच्या दांडीसारखी झुलवतो. तुळईच्या दुसऱ्या बाजूने लांबलचक दांडे खाली उतरतात. हे दांडे वरखाली व्हायला लागले की नाकतोडा बसल्या जागी मागचे पाय हलवतो आहे असंच वाटतं. खाली दांडा थेट चाकाला जोडलेला नाही. तो क्रँक फिरवतो आणि क्रँकवरच्या दात्यांमधून जोर चाकांना जातो. चाकं लहान, चारही चाकं जवळजवळ, म्हणून वळणावर इंजिन अडत नाही. पंखा इथेही आहे, पण पट्ट्याची भानगड नाही: सिलिंडरमधून बाहेर पडलेल्या वाफेवरच तो फिरतो.

आणि हो, हीच प्रवासी इंजिनं. १८३५च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनची शाखा सुरू झाली, तेव्हा तिच्यावर नाकतोडेच धावले आणि त्यांना नावं दिली होती राष्ट्राध्यक्षांची. जॉर्ज वॉशिंग्टन, जॉन ॲडम्स, थॉमस जेफरसन अशी. नंतरच्यांपैकी एक ‘अँड्र्यू जॅक्सन’. खरे जॅक्सनसाहेब पदावर असतानाच ६ जून १८३३ला याच रेल्वेने बाल्टिमोरला आले होते. आगगाडीत बसलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. बिचारा डेव्हिस मात्र त्याच १८३५मध्ये, सप्टेंबरात, नव्या इंजिनाची चाचणी घेताना ते रुळांवरून घसरलं त्यात वारला.

इथे पाटीची एक गंमत सांगतो. म्युझियममध्ये ‘अटलांटिक’ म्हणून जे दाखवतात ते मूळ अटलांटिक नाही. तो १८३६चा ‘अँड्र्यू जॅक्सन’. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात पहिलं इंजिन दाखवायचं होतं. ते शिल्लक नव्हतं, म्हणून कंपनीने याचं रूप बदलून त्याला अटलांटिकच्या वेशात उभं केलं. मी नातीला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, ‘हे बघ, १८३२चं!’ नंतर कळल्यावर फोन करून चूक दुरुस्त केली. ती म्हणाली, ‘आजोबा, मला आठवतसुद्धा नाही.’ असो. बिनवेशाचा नाकतोडा पाहायचा असेल तर ‘जॉन हॅन्कॉक’ त्यातल्या त्यात बरा. ही म्हातारी पोरं टिकली कशी? मुख्य मार्गावरून निघाल्यावर ती वर्कशॉपच्या आवारात डबे इकडून तिकडे ढकलायला ठेवली होती आणि पन्नास वर्षांनंतरही तेच करत होती.

खेकडा फार पाहायला मिळणार नाही, पण त्याचं नाव का पडलं ते पोराला आवडेल. डेव्हिसनंतर रॉस विनान्स आणि गिलिंगहॅम यांनी काम हाती घेतलं. बॉयलर उभाच ठेवून सिलिंडर आडवे केले, म्हणजे वरच्या तुळईची कटकट गेली. पण मध्ये दातेरी चाकं तशीच राहिली, आणि दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की उलटसुलट फिरतात हे तुम्हाला ठाऊक आहे. नाकतोड्यात दांडे उभे, म्हणून ते जाणवायचं नाही. इथे आडवे दांडे एकीकडे फिरताहेत आणि चाकं दुसरीकडे! बघणाऱ्याला वाटायचं, इंजिन मागे चाललंय. म्हणून खेकडा.

उभ्या बॉयलरचा जमाना संपवला फिलाडेल्फियाच्या विल्यम नॉरिसने. त्याच्या एका इंजिनाने १८३६च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाजवळचा बेलमाँटचा चढ ओझं घेऊन चढून दाखवला. तो चढ साधारण १४ फुटांना १ फूट. आपला बोरघाट ३७ला १ आहे, त्यावरून अंदाज करा. बेलमाँटला त्याआधी डबे दोराने वर ओढायचे. दुसऱ्याच वर्षी बी अँड ओने नॉरिसकडून ‘लाफाएट’ घेतलं: आडवा बॉयलर, मागे घुमटासारखी भट्टी, पुढे चार चाकांची फिरती बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा वळणारा चाकांचा गाडा) आणि ओढणाऱ्या चाकांची एकच जोडी. शेडमधली प्रतिकृतीच आहे, पण तिच्या पुढच्या बोगीकडे नीट पाहा. वळणाचा प्रश्न तिथे सुटला. बोगी आधी वळते आणि मागच्या इंजिनाला वाट दाखवते. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० जातीची. पुढे फिरती बोगी नाही, फक्त चाकांची एक जोडी. ब्रिटिश आणि अमेरिकन घराण्यांतला हा फरक म्युझियममध्ये हात लावून कळतो.

ओढणारी एकच जोडी म्हणजे पकड कमी. म्हणून दुसरी जोडी आली आणि ४-४-० झालं, ज्याला पुढे सरळ ‘अमेरिकन’ म्हणायला लागले. पेटंट फिलाडेल्फियाच्या हेन्री कॅम्पबेलचं, १८३६चं. पण ते चाललं जोसेफ हॅरिसनच्या तरफेमुळे. एका बाजूची दोन्ही चाकं त्याने एका तरफेने जोडली, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तर भार आपोआप दुसऱ्याशी वाटला जातो. दोन बाजूंचे दोन टेकू आणि पुढच्या बोगीचा तिसरा. आजीची तिपाई उंचसखल जमिनीवरही डगमगायची नाही, चार पायांचं टेबल डगमगतं, हिशेब तोच. कच्च्या रुळांवर वेगाने माणसं न्यायला याहून सोयीचं काही नव्हतं.

या क्लासचा नमुना म्हणजे १८५६चं २५ नंबरचं इंजिन, ज्याला आता ‘विल्यम मेसन’ म्हणतात. ते बनवणाऱ्याचं नाव. मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टनचा हा कारखानदार मुळात कापड गिरण्यांची यंत्रं करायचा, आणि माझ्या मते ते दिसतं. सिलिंडर आडवे, धुरांडं बरोबर त्यांच्या मधोमध, रेषेला रेष जुळलेली. शेडमधलं सगळ्यात देखणं इंजिन कुठलं असं विचाराल तर मी याच्याकडे बोट दाखवीन, आणि यावर वाद घालायलाही तयार आहे.

आता उंट. इथेच बहुतेकांची गल्लत होते. विनान्सने १८४८पासून बांधलेले ‘कॅमल’ हे मालगाडीचे: आठही चाकं ओढणारी, पुढे बोगी नाही, ड्रायव्हरची केबिन बॉयलरच्या पाठीवर अंबारीसारखी. ड्रायव्हर वर, आणि फायरमन मागे टेंडरमध्ये (कोळसा-पाण्याच्या गाड्यात) खाली. दोघांना बोलायचं तर ओरडूनच. बी अँड ओने असे शंभराहून जास्त घेतले. पण घाटात माणसांची गाडी न्यायची तर ते फार हळू. तेव्हा यंत्रविभागाचा प्रमुख सॅम्युअल हेजने १८५३मध्ये केबिन पाठीवरच ठेवली, पुढे चार चाकांची बोगी लावली आणि ओढणाऱ्या तीन जोड्या दिल्या. झालं ४-६-०, टेन-व्हीलर, म्हणजे प्रवासी उंट. विनान्सला हे कधी पचलं नाही. बोगी म्हणजे फुकटचं वजन, असं त्याचं मत. हेजच्या जागी आलेल्या हेन्री टायसनशी त्याने यावरून छापील पत्रकं काढून भांडण केलं, आणि थोड्याच वर्षांत इंजिनं बांधणंच सोडलं. म्युझियममधला उंट १८७३चा, टेन-व्हीलरच, म्हणजे विनान्सच्या नावाने ओळखला जात असला तरी विनान्सच्या मतांविरुद्ध बांधलेला! पूर्वेकडच्या रेल्वेंवर नंतर ‘कॅमलबॅक’ म्हणून जी इंजिनं आली ती रुंद भट्टीमुळे झाली. त्यांचा याच्याशी संबंध नाही.

घाट म्हणजे कुठला? पीडमाँटपासून आल्टामाँटपर्यंतचा १७ मैलांचा चढ, साधारण ४५ला १. व्हीलिंगपर्यंतचा मार्ग १८५२च्या नाताळच्या आदल्या दिवशी जुळला आणि जानेवारी १८५३मध्ये गाड्या सुरू झाल्या, म्हणजे आपल्या ठाण्याच्या गाडीआधी साडेतीन महिने. अमेरिकेच्या यादवी युद्धात तर या मार्गाचे हाल झाले. १८६१मध्ये दक्षिणेच्या फौजेने मार्टिन्सबर्गला इंजिनं जाळली, आणि काही तर घोडे जुंपून रस्त्याने ओढून नेली. त्या धामधुमीत १८६३मध्ये माउंट क्लेअरच्या वर्कशॉपमध्ये थॅचर पर्किन्सने घाटातल्या प्रवासी गाड्यांसाठी नवे टेन-व्हीलर बांधले. केबिन आता मागे, नेहमीच्या जागी. त्यातलं एक तुम्ही पाहिलंत, त्याच्याच नावाचं. १७ फेब्रुवारी २००३ला बर्फाच्या ओझ्याने गोल शेडचं छप्पर कोसळलं, त्यात याचे फार हाल झाले होते. दुरुस्ती करून ते परत उभं केलं आहे.

राहता राहिला तुमच्या पोराचा प्रश्न. त्याला म्हणावं, पाटी वाचू नकोस, चाकाशेजारी उभा राहा. मेसनचं मोठं चाक पाच फुटांचं आहे, विनान्सच्या उंटाचं होतं ४३ इंचांचं, म्हणजे साडेतीन फुटांच्या जरा वर. चाक त्याच्या डोक्यावरून वर गेलं तर ते माणसांच्या गाडीचं, हा नियम १८५०नंतरच्या इंजिनांना बहुतेक वेळा लागू पडतो. नाकतोड्यांना तो लावू नका, ते चुकवतील. आणि बाहेर पडायच्या आधी ५३०० नंबरचं ‘प्रेसिडेंट वॉशिंग्टन’ शोधा. १९२७चं पॅसिफिक, म्हणजे ४-६-२ चाकांचं, पी-७ क्लासचं. त्या क्लासच्या वीसही इंजिनांना पुन्हा राष्ट्राध्यक्षांची नावं दिली होती. त्याच्या चाकाशेजारी तुम्ही स्वतः उभे राहा आणि फोटो पोराला काढू द्या.