वाचकांचे प्रश्न : परदेशी विमाने आणि आपला वैमानिक

प्रश्न : माझा मुलगा एका देशी विमान कंपनीत चार वर्षांपासून को-पायलट आहे. त्याच्या शिक्षणासाठी आणि टाइप रेटिंगसाठी (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी) आम्ही राहते घर तारण ठेवून कर्ज काढले असून त्याचे हप्ते अजून सात वर्षे चालायचे आहेत. आखाती कंपन्यांना भारतात येण्यासाठी जास्त जागा (म्हणजे प्रवाशांची आसने) द्याव्यात, अशी मागणी वर्तमानपत्रांत वारंवार वाचते. तसे झाले तर मुलाचा पगार घटेल का? नोकरी जाईल का?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या आजच्या नोकरीवर या मागणीने थेट गदा येणार नाही. इंदूरहून मुंबईला किंवा दिल्लीला जाणारे प्रवासी परदेशी कंपनीच्या विमानाने नेता येत नाहीत. देशांतर्गत वाहतूक स्वतःच्या कंपन्यांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार १९४४ च्या शिकागो करारानेच प्रत्येक देशाला दिला आहे आणि भारत तो कसोशीने बजावतो. परदेशी कंपन्यांना भारतात किती जागा मिळाव्यात, हे दोन सरकारांमधील करार ठरवतात. दुबईशी २०१४ साली झालेल्या करारानुसार दर आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा दोन्ही बाजूंना मिळाल्या. त्या पुरत नाहीत, म्हणून तिकडून मागणी होते आहे.

तरीही तुमची काळजी अनाठायी नाही. तुमच्या नात्यातले कोणी न्यू यॉर्कला निघाले, असे समजा. इंदूर ते मुंबई हा दीड तासाचा टप्पा आपले वैमानिक उडवतात. पुढे मुंबई ते दुबई आणि दुबई ते न्यू यॉर्क असा सतरा तासांच्या आसपासचा प्रवास परदेशी कंपनीच्या विमानाने होतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणात आळीपाळीने विश्रांती घेता यावी म्हणून तीन किंवा चार वैमानिक लागतात. ते उड्डाण मुंबईहून थेट आपल्या कंपनीने केले असते, तर वैमानिकांच्या तेवढ्या नोकऱ्या आपल्याकडे तयार झाल्या असत्या.

त्या नोकऱ्या झाल्या नाहीत, तर नुकसान तुमच्या मुलापर्यंत असे पोहोचते : कॅप्टन मोठ्या विमानावर गेला, की लहान विमानावरची त्याची डावीकडची खुर्ची रिकामी होते आणि सिनिऑरिटीच्या यादीत पुढे असलेला को-पायलट तिथे बसतो. वैमानिकाच्या पगारात खरी उडी याच वेळी पडते. मोठी विमाने वाढली नाहीत, तर कॅप्टन जागेवरून हलत नाही आणि को-पायलट वर्षानुवर्षे उजवीकडेच बसून राहतो. त्याचा पगार कोणी कापलेला नसतो. तो वाढायचा राहून गेलेला असतो. परदेशी स्पर्धेचा हाच परिणाम मला सर्वांत खरा वाटतो आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

परदेशी विमान वैमानिकांसह भाड्याने आणणे, हा दुसरा प्रकार. इंडिगोने २०२३ मध्ये दिल्ली–इस्तंबूल मार्गावर तुर्की कंपनीची मोठी विमाने तिकडच्याच वैमानिकांसह घेतली. स्वतःची मोठी विमाने हाती येईपर्यंतची सोय म्हणून हे समजू शकते. पण अशी व्यवस्था लांबत गेली, तर आपल्या तरुणांना त्या विमानांचे प्रशिक्षण देण्याची निकड कंपनीला वाटेनाशी होते. या बाबतीत सरकारने भाडेकराराची मुदत कडकपणे पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आखाती कंपन्या आपले अनुभवी वैमानिक ओढून नेतात. करमुक्त पगार, घर, मुलांच्या शाळेचा खर्च अशा सवलती देतात. त्यामुळे देशी कंपन्यांनाही माणसे टिकवण्यासाठी हात सैल सोडावा लागतो. २०२५ साली भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे या पळवापळवीची तक्रार मांडली, यावरून ओढा किती आहे हे कळते.

नोकरी खरोखर गेली, ती घरच्याच कंपन्या कोसळल्या तेव्हा. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. जेटमध्ये तर एका परदेशी कंपनीचा २४ टक्के हिस्सा होता, तरी ती वाचली नाही.

मी स्वतः अशा एका बंद पडलेल्या कंपनीत कॅप्टन होतो. पगार तीन महिने थकला होता, तरी इस्त्रीचा गणवेश रोज दाराला टांगलेला असे, कारण बोलावणे येईल अशी आशा सुटत नव्हती. लॉगबुकातल्या शेवटच्या नोंदीला नव्वद दिवस झाले, तेव्हा मी हादरलो. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. आधी सिम्युलेटरवर ती पुरी करावी लागतात. नव्या कंपनीत माझे नाव यादीच्या तळाशी लागले. वैमानिकाची सिनिऑरिटी कंपनीबरोबर बुडते. सोबत येतात ते फक्त उड्डाणाचे तास.

म्हणून मुलाला करारपत्रातले हमीचे तास पाहायला सांगा. महिन्याला उड्डाणे कमी झाली तरी किती तासांचे पैसे नक्की मिळतील, तो हा आकडा असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीतील वैमानिकांचा असंतोष उफाळला, तो एअर इंडियातील विलीनीकरणाआधी हा आकडा ७० वरून ४० वर आणल्यामुळेच. घराचा हप्ता हमीच्या तासांच्या पगारात बसतो का, हे तपासा. बसत नसेल, तर चांगल्या महिन्यांतली शिल्लक आत्ताच बाजूला ठेवू लागा.

प्रश्न : मी इंदूरमध्येच उड्डाण शिकते आहे. परवाना मिळाल्यावर थेट परदेशी कंपनीत जाता येईल का?
– एक विद्यार्थिनी, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : व्यावसायिक परवान्याला उड्डाणाचे २०० तास लागतात, परदेशी कंपन्या मात्र साधारणपणे हजारोंच्या घरातला अनुभव मागतात. त्यामुळे पहिली काही वर्षे तुला देशी कंपनीतच काढावी लागतील. सही करण्यापूर्वी बॉन्डची (मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याच्या हमीची) रक्कम आणि मुदत वाचून घे. पुढे नोकरी सोडताना २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. इतके दिवस थांबायला नवी कंपनी तयार आहे का, हे तिच्याकडून लेखी घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.