केनियातल्या बायकांच्या गावासाठी मुंबईतल्या ट्रस्टकडून फंड मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की केनियात उमोजा या फक्त बायकांच्या गावाच्या धर्तीवर आणखी एक गाव उभं राहतंय, तिथल्या बायका तुमच्या ओळखीच्या आहेत आणि मुंबईतले ट्रस्ट मदत करतील का. मी परळला एका ट्रस्टमध्ये अकरा वर्षं प्रपोजलं वाचलीत, म्हणून सांगते, ट्रस्टांच्या दारी चपला झिजवू नका. ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्या पैशावर इन्कम टॅक्सची सूट सहसा जाते, त्यासाठी सीबीडीटीची (इन्कम टॅक्सच्या केंद्रीय बोर्डाची) वेगळी मंजुरी लागते आणि त्या फंदात कुणी पडत नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा पैसा, पण देशातच खर्च करावा लागतो. आमच्याकडे एकदा उत्तर श्रीलंकेतल्या युद्धविधवांच्या वस्तीसाठी पैसे गोळा झाले, मग सीए म्हणाले पाठवता येणार नाहीत, आणि एकेका देणगीदाराला फोन करून पैसे परत करावे लागले, तो आठवडा मी अजून विसरले नाहीये.

माणूस मात्र स्वतः पाठवू शकतो. एलआरएसमध्ये, म्हणजे माणसाला परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत, बँकेत ए२ फॉर्म, पॅन, कारण डोनेशन. १० लाख रुपयांच्या वर टीसीएस (पाठवतानाच बँक घेते तो कर) कापतात, तो रिटर्नमध्ये अॅडजस्ट होतो. पण ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्सची सूट, मिळणार नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. आणि स्टेशनबाहेर डबा घेऊन उभं राहायचं मनात असेल तर थांबा, गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी घेतात ना, तशी तुम्हालाही लागेल.

खरा मोठा पैसा बायकांसाठीच असलेल्या फंडांकडे आहे. घानातल्या अक्राचा आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड, अॅमस्टरडॅमचा मामा कॅश (१९८३ पासून चालू आहे), ग्लोबल फंड फॉर विमेन. पण अर्ज तिथल्या बायकांच्या नावाने जाऊ दे, तुमच्या नाही. तुम्ही टायपिंग करा, हिशेबाला बसा, हवं तर रात्रभर जागा. उमोजा १९९० मध्ये सांबुरू जमातीच्या बायकांनी स्वतः सुरू केलं, ब्रिटिश सैनिकांनी बलात्कार केलेल्या बायका होत्या त्यात, नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या. मण्यांचे दागिने विकून आणि पर्यटकांसाठी कॅम्पसाइट चालवून त्यांनी गाव टिकवलं, शाळा काढली. गाव त्यांचं आहे म्हणूनच ते टिकलं असं मला मनापासून वाटतं.

प्रपोजल हातात आलं की मी पहिलं बघायचे जमीन कुणाच्या नावावर आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा बाहेरच्या संस्थेच्या नावावर असेल तर उद्या भांडण झालं की बायका परत रस्त्यावर. मग पाणी कुठून येतं, कोण भरतं, आणि दागिने विकून महिन्याला किती हातात पडतात, अंदाज नको, वहीतला आकडा पाहिजे. तेव्हा आज त्यांना फोन कराल तर फंडाचं नंतर बोला, आधी जमिनीच्या कागदाचा फोटो मागवा.