मिश्र लागवड करताय? सुरुवातीला एवढंच बघा

पहिल्याच वर्षी दहा जाती एकत्र कोंबू नका, ही चूक सगळेच करतात, मीपण केलीय. किडीने पान कुरतडलं की झाड हवेत वास सोडतं आणि शेजारचं झाड तो पकडून आधीच तयारीला लागतं, पण हे जवळजवळच चालतं, सेजब्रश नावाच्या झुडपात तर जेमतेम ६० सेंटीमीटरपर्यंत दिसलंय, म्हणून लांब लांब लावून फायदा शोधू नका.

- टोमॅटोत फ्रेंच झेंडू पहिल्यापासूनच लावा, त्यातल्या लिमोनीन या वासाच्या द्रव्यामुळे पांढरी माशी कमी येते. माशी माजल्यावर लावलात तर काही खरं नाही.
- काळ्या अक्रोडाजवळ टोमॅटो अजिबात नको, अक्रोडातल्या जुग्लोन नावाच्या विषारी द्रव्याने मरतो.

जास्मोनेट (झाडाचं बचावाचं संप्रेरक), मुळांतले सिग्नल वगैरे नंतर बघू, आधी दोन-तीन जाती लावा तर खरं!