इशारा खरा, पण तुमच्या नावाचा नाही

प्रश्न : ताई, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानातल्या काँप्युटरवर विंडोज ११ चढत नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. भाच्याने डेबियन १३ हे लिनक्स घालून दिलं आणि तो कॅनडाला गेला. काम उत्तम चाललंय. पण सकाळी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर ओळी धावतात, आणि त्यातली एक रोज असते. फोटो पाठवतोय. तीत आमच्या प्रिंटरचं नाव आहे, 'सिस-व्ही सर्व्हिस' असं काहीतरी आहे, आणि शेवटी 'धिस कम्पॅटिबिलिटी लॉजिक इज डेप्रिकेटेड, एक्स्पेक्ट रिमूव्हल सून'. शेजारचा मोबाइलवाला म्हणतो व्हायरस आहे, परत विंडोज टाका. लग्नसराई तोंडावर आलीय. नक्की काय काढून टाकणार आहेत हे लोक?

उत्तर : व्हायरस नाही. व्हायरस रोज सकाळी आपलं नाव-गाव सांगून येत नाही.

ही ओळ सिस्टिमडीची आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागं झालं की छपाई, नेटवर्क, घड्याळ अशा बाकीच्या सेवा उठवायचं काम सिस्टिमडी करतं. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० मध्ये आणलं आणि डेबियनने २०१५ मधल्या आवृत्ती ८ पासून तेच मुख्य केलं. त्याआधी प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली फाइल, असायची, 'ईटीसी'मधल्या 'इनिट डॉट डी' फोल्डरमध्ये. ही जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सची पद्धत, म्हणून सिस-व्ही. तुमच्या प्रिंटरच्या कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, त्या पद्धतीने बांधला आणि पुढे त्याच्याकडे ढुंकून पाहिलेलं दिसत नाही.

अशी स्क्रिप्ट सापडली की सिस्टिमडी तिच्यासाठी नव्या पद्धतीची एक फाइल स्वतःच बनवतं आणि 'रन' फोल्डरमध्ये ठेवतं. 'रन' मेमरीत असतं. मशीन बंद केलं की फाइल गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खटपट आणि पुन्हा तीच ओळ. दुखणं वाढतंय म्हणून ती रोज दिसते असं समजू नका.

'डेप्रिकेटेड' म्हणजे आज चालतं, पण पुढे काढणार. काढणार आहेत ती ही खटपट. प्रिंटर नव्हे, डेबियन नव्हे, आणि तुमच्या फाइली तर नव्हेतच. खरं तर हा इशारा म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या नावाचं पत्र आहे, टपालवाल्याने ते तुमच्या दुकानात टाकलंय इतकंच. कंपनीने उघडलं असतं तर तुमची सकाळ शांत गेली असती.

'सून', म्हणजे लवकरच, पण कधी, हा खरा प्रश्न. सिस-व्ही स्क्रिप्टचा आधार काढणार हे सिस्टिमडीच्या मंडळींनी २०२३ मध्ये, २५४ व्या आवृत्तीबरोबर जाहीर केलं, आणि पुढे त्यासाठी २६० हा आकडा दिला. डेबियन १३ मध्ये सिस्टिमडी २५७ आहे, आणि डेबियन एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीत मध्येच असे मोठे बदल करत नाही. म्हणजे १३ वर आहात तोवर प्रिंटर आज चालतो तसाच चालेल. लग्नसराई सुखाने होऊ द्या. डेबियन १४ चढवायच्या आधी मात्र हे निस्तरा, कारण अपग्रेडनंतर प्रिंटर मुका झाला तर गिऱ्हाईक पत्रिका हातात घेऊन समोर उभं असेल आणि भाचा तिकडे झोपलेला असेल.

निस्तरायचं कसं? आधी बघा, कंपनीचा तो ड्रायव्हर लागतो तरी का. अलीकडच्या बऱ्याच प्रिंटरना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. सेटिंग्जमध्ये प्रिंटर नव्याने जोडा आणि 'ड्रायव्हरलेस' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' असं लिहिलेली नोंद दिसली तर ती निवडा. प्रिंटर यूएसबीच्या वायरीने जोडलेला असेल तर 'आयपीपी-यूएसबी' हे पॅकेज असायला हवं. दोन्ही बाजूंची छपाई आणि ए-फोर, लीगल असे दुकानात लागणारे सगळे कागद काढून पाहा. जमलं की कंपनीचं पॅकेज काढून टाका, पण 'रिमूव्ह' म्हणून नव्हे, 'पर्ज' म्हणून. नुसतं रिमूव्ह केलं तर डेबियन 'ईटीसी'मधल्या फाइली जपून ठेवतं, त्यात ती स्क्रिप्टही राहू शकते. मग ड्रायव्हर गेला तरी ओळ काही जात नाही, आणि माणूस चक्रावतो.

हा रस्ता बरा वाटण्याचं आणखी एक कारण आहे. लिनक्सवर छपाई सांभाळणारं कप्सही हल्ली प्रिंटर जोडताना सांगतं की प्रिंटर ड्रायव्हर ही पद्धतच जाणार आहे. तेव्हा आज ना उद्या तिकडेच वळायचंय.

प्रिंटर जुना असेल आणि ड्रायव्हरशिवाय हलत नसेल, तर सयाजीगंजमध्ये कुणी लिनक्स जाणणारा गाठा आणि त्याला हे वाचून दाखवा : 'सिस्टिमसीटीएल कॅट' आणि पुढे सेवेचं नाव दिलं की सिस्टिमडीने बनवलेली ती तात्पुरती फाइल दिसते. तिची प्रत त्याच नावाने 'ईटीसी'खालच्या 'सिस्टिमडी'तल्या 'सिस्टिम' फोल्डरमध्ये ठेवायची, शेवटी 'इन्स्टॉल'चा भाग जोडायचा आणि सेवा 'एनेबल' करायची. त्या नावाची हक्काची फाइल मिळाली की सिस्टिमडी स्वतःची बनवत नाही आणि तक्रारही करत नाही. जुनी स्क्रिप्ट तशीच राहते, फक्त तिला हाक मारायची व्यवस्था कायमची होते. जाणकाराला हे चहा संपायच्या आत जमावं. तो सगळं फॉरमॅट करायची भाषा बोलू लागला तर दुसरा माणूस बघा.

तुमच्या फोटोत वर आणखी एक ओळ आहे, 'पीआयडी फाइल' आणि 'लेगसी डिरेक्टरी व्हार-रन'वाली. 'व्हार'मधला 'रन' हा जुना पत्ता, नुसता 'रन' हा नवा. सिस्टिमडीने तो बदलून घेतला आणि तसं कळवलं. तिच्याकडे बघूही नका.

अशा कुठल्याही ओळीत मी तीनच गोष्टी शोधते : बोलतंय कोण, नाव कुणाचं घेतंय, आणि मुदत काही दिलीय का. 'डेप्रिकेटेड' आणि 'फेल्ड' यांची गल्लत करू नका. 'फेल्ड' म्हणजे काहीतरी आत्ता, या क्षणी चाललं नाही. तशी ओळ दिसली तर त्याच दिवशी बघायचं.

प्रश्न : मांजलपूरहून लिहितोय. वडिलांच्या ऑफिसमधली जुनी हार्ड डिस्क लिनक्सच्या मशीनला लावली. फाइली दिसतात, पण 'रायझरएफएस इज डेप्रिकेटेड, २०२५ मध्ये कर्नलमधून काढणार' असं येतं. तुमच्याच आधीच्या एका उत्तरात वाचलं होतं की असे इशारे सहसा निवांत घ्यावेत. हाही घेऊ का?

उत्तर : हा नको. हा इशारा कर्नलचा आहे, त्यात साल दिलंय, आणि ते खरं झालंय. रायझरएफएस ही डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत. सूझे लिनक्समध्ये काही वर्षं तीच मुख्य होती, म्हणून २००५-०६ च्या आसपासच्या ऑफिसच्या डिस्कवर ती कधीकधी सापडते. पुढे तिला सांभाळणारं कुणी उरलं नाही. २०२२ मध्ये, कर्नल ५.१८ पासून, हा इशारा लागला आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये तो भाग काढून टाकला.

तुमचं कर्नल त्याहून जुनं आहे म्हणून फाइली दिसताहेत. एखाद्या रविवारी अपडेटने कर्नल पुढे गेलं तर डिस्क ठणठणीत असूनही मशीन म्हणेल, ही भाषा मला येत नाही. तेव्हा ही आज्ञा, ती आज्ञा करत बसू नका. अपडेट थांबवा, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती, म्हणजे 'रीड-ओन्ली' लावा आणि सगळं ईएक्सटी-४, म्हणजे लिनक्सची आजची नेहमीची पद्धत, केलेल्या नव्या डिस्कवर उतरवून घ्या. आहे त्याच डिस्कवर रूपांतर करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका. कॉपी झाल्यावर काही फाइली, विशेषतः मोठ्या, उघडून बघा, मगच अपडेट पुन्हा सुरू करा. जुनी डिस्क पुसायची घाई कशाला? कपाटात पडू द्या. ६.१२ पर्यंतचं कर्नल असलेला एखादा पेन ड्राइव्हही तिच्याबरोबर ठेवा, पण त्यात रायझरएफएस चालू आहे का ते आधी तपासून, कारण लिनक्सच्या काही वितरणांनी, म्हणजे डेबियनसारख्या तयार संचांनी, ती आधीच बंद केली होती.

प्रश्न : कारेलीबागेतून एक आजोबा विचारतात : या ओळी दिसूच नयेत असं करता येतं का? नातवंडं घाबरतात.

उत्तर : येतं. मशीन चालू होताना लिनक्स उठवणाऱ्या ग्रबच्या सेटिंगमध्ये 'क्वायट' हा शब्द घालायचा आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं. डेबियन बहुधा तो घालूनच बसतं. दांडिया बाजारच्या भाच्याने तो मुद्दाम काढलेला दिसतो, पोरगं हुशार आहे. पडद्यावरून ओळी गेल्या तरी नोंदी राहतात. मोठं अपडेट करण्याआधी टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल', पुढे उणे बी, उणे पी, वॉर्निंग असं टाकून एकदा नजर फिरवा. अक्षरं अर्थातच इंग्रजी, आणि सुरुवातीला 'सुडो' लावा, नाहीतर सगळ्या नोंदी दिसत नाहीत.