कोणाकडे आणि कशासाठी?

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

काल तू आणि बाबा येऊन गेलात, त्यानंतर मला धड झोप लागली नाही. तू फारसं बोललीच नाहीस. फाईल मांडीवर घट्ट धरून बसली होतीस आणि बाबाच बोलत होते. "सर, या कागदाले बाहेर कोणी पुसतच नाही म्हणतेत. मंग दोन वर्स पोरगी करत काय होती?" सोयाबीन आत्ता कुठे निघालं, कापूस वेचणीला आलाय, मजूर मिळत नाहीत, आणि माणूस अख्खा दिवस मोडून दारव्ह्याला येतो तो हा प्रश्न घेऊन. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. चहा घ्या म्हणालो. म्हणून हे पत्र.

तुझ्या हुशारीवर आणि मेहनतीवर मी एक ओळही खर्च करणार नाही. ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मला बोलायचंय ते तू जाता जाता दारात विचारलेल्या प्रश्नाबद्दल: "सर, स्टेट बोर्डाची बारावी परदेशात चालते का?" बेटा, हा प्रश्नच चुकला आहे. चालते की नाही हे गुणपत्रिकेवर छापलेलं नसतं. ती ज्याच्या टेबलावर जाते तो ठरवतो, आणि तोही एकदाच सगळ्यांसाठी ठरवत नाही. एकाच विद्यापीठात एका अभ्यासक्रमाला चालते, शेजारच्या विभागात चालत नाही. म्हणून विचारायचं ते असं: कोणाकडे, आणि कशासाठी? हे दोन शब्द पाठ कर. मी या पत्रात ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

तुला तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. पुण्याचा आतेभाऊ म्हणाला, जेईई ॲडव्हान्स्डशिवाय जर्मनी विसर. मामा म्हणाले, तिकडे तेरा वर्षं शिक्षण लागतं, आपलं बाराच होतं. आणि त्या शहरातल्या सल्लागारानं सांगितलं की स्टेट बोर्डाला मान्यता नाही, दुसऱ्या बोर्डातून बारावी पुन्हा दे, आम्ही फॉर्म भरून देतो. त्याचं ऐकून तू तीन आठवडे कॉलेजला गेली नाहीस. याचा मला खरंच राग आला आहे. आधी विचारायचं होतंस.

आतेभाऊ आणि मामा अर्धं खरं बोलले. सल्लागार बोलला ते खोटं आहे, आणि ते कसं ते नीट समजून घे. आपलं मंडळ 1965 च्या कायद्यानं उभं राहिलेलं आहे. त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत, आपलं अमरावतीला. देशातल्या शालेय मंडळांची जी परिषद आहे, कोब्से, तिचं ते सदस्य आहे. मंडळ अधिकृत आहे का, याचं उत्तर हो, शंभर वेळा हो. पण मंडळ अधिकृत असणं ही एक गोष्ट आणि त्या बारावीवर अमुक देशात थेट पदवीला प्रवेश मिळणं ही दुसरी. त्या माणसानं दोन्हींची गाठ मारली आणि त्या गाठीची फी मागितली.

आता जर्मनी. त्यांच्याकडे परदेशी प्रमाणपत्रांचं मूल्यमापन करणारी एक मध्यवर्ती यंत्रणा आहे. तिची अनाबिन नावाची माहितीसूची कोणालाही इंटरनेटवर उघडून पाहता येते, फुकट. भारताच्या पानावर जे आहे त्याचा सारांश असा की भारतातली बारावी, मग ती आपल्या बोर्डाची असो की सीबीएसईची, एकटी थेट प्रवेशाला पुरत नाही. पुन्हा वाच. सीबीएसईचीही नाही. मग बोर्ड बदलून पुन्हा बारावी देऊन तू काय मिळवणार होतीस? एक वर्ष घालवून त्याच दारात, त्याच रांगेत उभी राहणार होतीस.

रस्ते आहेत, आणि ते तीन आहेत. पहिला तुझ्या आतेभावाचा: जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असशील तर तांत्रिक आणि निसर्गविज्ञानाच्या शाखांत थेट अर्ज करता येतो. दुसरा श्टूडिएनकोलेगचा: तिकडे जाऊन दोन सत्रांचा तयारीवर्ग करायचा, तांत्रिक शाखांसाठी वेगळा, वैद्यक आणि जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा, आणि शेवटी परीक्षा द्यायची. हा वर्ग जर्मनमध्ये असतो आणि त्यात शिरायलाही परीक्षा असते, म्हणजे भाषा इथूनच शिकून जावी लागते. मामांचं तेरावं वर्ष ते हेच. तिसरा रस्ता म्हणजे इथल्या मान्य विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं. मग त्याच शाखेत तिकडे पहिल्यापासून अर्ज करण्याचा हक्क येतो.

कळलं का तुला? तू बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेस. ज्या वर्गाला तू तीन आठवडे पाठ फिरवलीस, तेच तुझं तेरावं वर्ष आहे. उद्या सकाळी कॉलेजला जा. हे पत्र पूर्ण वाचून झालं नाही तरी चालेल, पण जा.

इंग्लंडचं गणित वेगळं. तिथली बरीच विद्यापीठं आपली बारावी पाहून थेट पहिल्या वर्षाला घेतात, पण गुणांची अट बोर्डागणिक बदलते. सीबीएसईला जेवढे टक्के मागतात त्याहून राज्य मंडळाला जास्त मागणारी विद्यापीठं आहेत. काही ठिकाणी बारावीच्या इंग्रजीतले गुण पाहून भाषेची परीक्षा माफ होते, तिथंही बोर्ड पाहिलं जातं. अन्याय वाटतो ना? मलाही वाटतो. पण तो त्यांच्या पानावर छापलेला असतो, वाचता येतो. अमेरिकेत तर सगळ्यांसाठी ठरवणारं एक कार्यालयच नाही, प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं. तेव्हा "परदेशात चालते का" याला अर्थच उरत नाही. कोणाकडे? कशासाठी?

हे मला कोणी शिकवलं नाही. मी ते एका मुलाचं नुकसान करून शिकलो.

2004 साली माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात त्याच्यासारखा मी नंतर पाहिला नाही. वडिलांची चार एकर कोरडवाहू. यवतमाळच्या सायबर कॅफेत जाऊन त्यानं एका अमेरिकन विद्यापीठाला काहीतरी लिहिलं होतं, आणि त्यांचं पत्र आलं. तो ते घेऊन प्रयोगशाळेत माझ्याकडे आला. माझ्यासमोर वीस मुलं टायट्रेशन करत होती. मी पत्र वरवर चाळलं. नववी ते बारावीचे गुण शाळेच्या सहीशिक्क्यानं, बंद लिफाफ्यात, आणि उत्तीर्णतेची श्रेणी कशी ठरते याचा खुलासा, असं त्यात मागितलं होतं. मी म्हणालो, "अरे, आपल्या अकरावीचे गुण कोण विचारतं? नाही म्हणायची ही त्यांची पद्धत आहे. आपल्या कागदाला तिकडे किंमत नाही. बी.एस्सी. कर." त्यानं पत्र तिथंच ओट्यावर ठेवलं आणि गेला.

ते नकाराचं पत्र नव्हतं. तिकडे चार वर्षांचे गुण सगळ्यांनाच मागतात, कारण त्यांची शाळा नववी ते बारावी अशी मोजली जाते. त्याला हवे होते चार कागद, एक शिक्का आणि एक लिफाफा. शिक्का आमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता, प्रयोगशाळेपासून तीस पावलांवर.

मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. एका वर्गात शंभरावर मुलं, प्रॅक्टिकलचं साहित्य नाही, विचारायला कोणी नाही, आणि पैसा त्या पोराकडे तरी कुठे होता? हे सगळं खरंच होतं, आजही मी ते मागे घेत नाही. खेड्यातल्या मास्तरानं सगळं माहीत ठेवावं ही अपेक्षा ज्यांनी कधी खेड्यात शिकवलं नाही तेच करतात. पण मला इंग्रजी वाचता येत होतं, बेटा. पत्र माझ्या हातात होतं. मी ते वाचलं नाही. तो आता तालुक्याला कृषी केंद्र चालवतो, चांगलं चालवतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घेववत नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. कोणत्या मुलानं काय विचारलं, मी कोणाला लिहिलं, उत्तर काय आलं, कोणत्या तारखेला. लोक हसले. सहकारी म्हणाले, सरांना परदेशाचं वेड लागलंय. मला परदेशाचं वेड नाही, तू इथंच राहिलीस तर मला आनंदच आहे. पण न विचारता राहू नकोस. ज्याला निर्णय द्यायचा आहे त्यालाच विचार, आणि उत्तर लेखी घे. आतेभाऊ निर्णय देणार नाही. मामा देणार नाहीत. मीही देणार नाही, म्हणून या पत्रातलंसुद्धा त्यांच्या पानावर ताडून बघ. नियम बदलतात. 2022 च्या नोव्हेंबरपासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी दिल्लीच्या एपीएस कार्यालयाकडून कागदपत्रं तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याआधी गेलेल्या मुलाला विचारशील तर तो म्हणेल, असं काही नसतंच.

आता तुझ्या फाईलबद्दल. काल मी ती उघडली आणि गप्प बसलो, कारण बाबांसमोर बोलायचं नव्हतं. दहावी आणि बारावी, दोन्ही मूळ गुणपत्रिका तू लॅमिनेट करून आणल्यास. बसस्टँडवरच्या झेरॉक्सवाल्यानं केलं असेल, कागद खराब होऊ नये म्हणून, मला कळतं. पण साक्षांकनाचा शिक्का मूळ कागदावर मारावा लागतो, प्लास्टिकवर तो बसत नाही. मी दरवर्षी निरोप समारंभात हे ओरडून सांगतो. आता ते प्लास्टिक घरी सोलायला जाऊ नकोस, शाई निघून येते. मंडळाकडून दुसरी प्रत मागवू.

दुसरं, आडनाव. दहावीच्या कागदावर इंग्रजीत शेवटी एक 'ई' आहे, बारावीच्या कागदावर दोन. तुला फरक दिसलाही नसेल. परक्या टेबलावर त्या दोन मुली होतात. दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत अमरावतीला जातो, त्याला वेळ लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी. शिवाय आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, मग तुझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टचा अर्ज भरताना कोणतं नाव कुठल्या रकान्यात जाईल ते माझ्यासमोर भर, सेतूवाल्यावर सोडू नकोस.

तिसरी गोष्ट लिहायला मला जड जातंय. तू क्रॉप सायन्स, म्हणजे पीकशास्त्र, घेतलं होतंस. दोनशे गुणांचा द्विलक्षी, म्हणजे व्यावसायिक विषय, दुसऱ्या भाषेच्या आणि एका ऐच्छिक विषयाच्या जागी घ्यायचा. आम्हीच घ्यायला लावलं. शेतकऱ्याची पोरं, विषय ओळखीचा, गुण भरभरून मिळतात, टक्केवारी चढते. इथल्या प्रवेशाला ते ठीक होतं. पण त्यापायी मराठी सुटली आणि तुझ्या बारावीत इंग्रजी ही एकच भाषा उरली. बाहेरचा मूल्यमापक टक्केवारीच्या आधी विषय मोजतो: भाषा किती, गणित आहे का, विज्ञान किती, व्यावसायिक विषय कोणता. तुझ्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताला धक्का नाही. क्रॉप सायन्स तो कशात धरेल, हे त्यालाच नेमकं विचारायचं, विषयाचा अभ्यासक्रम जोडून. कदाचित मातीचं शास्त्र शिकायला निघालेल्या मुलीला तो विषय उपयोगी पडेल. कदाचित तो मोजलाच जाणार नाही. त्यासाठी आम्हाला दोष द्यायचा तर दे, पण विचार.

पैशाचं थोडक्यात. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सत्राला 1500 युरो आहे. राहण्याखाण्याचे म्हणून वर्षाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, आणि एपीएसची फी 18,000 रुपये. राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, बारावीनंतर लगेच मिळत नाहीत. म्हणून मला आतून वाटतं की तू पदवी इथंच पुरी करावीस आणि मग जावंस. तेव्हा ही बारावी एवढी आडवीही येणार नाही. पण हे माझं वाटणं आहे. मी एकदा एका मुलाला माझं वाटणं उत्तर म्हणून दिलं होतं. तुला तसं देणार नाही.

शनिवारी दुपारी ये. बाबांना वेचणी सोडून येऊ देऊ नकोस, एकटी ये. नववी आणि अकरावीची प्रगतिपत्रकं शोध, मिळाली नाहीत तर दोन्ही ठिकाणच्या ऑफिसात अर्ज देऊन ये आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घे. येताना दोन विद्यापीठांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा तू लिहून आण, मी लिहिणार नाही. त्यात चारच गोष्टी हव्यात: माझी परीक्षा ही, मंडळ हे, विषय हे, आणि तुमच्या अमुक अभ्यासक्रमाला हे पुरेसं आहे का, नसेल तर नेमकं काय कमी आहे. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. अभ्यासक्रमाचं नाव मात्र त्यांच्या पानावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

आणि त्या सल्लागाराला दिलेले पाच हजार परत मागायला मी बाबांबरोबर येतो. पावती असेल तर शोधून ठेव.

तुझे सर